एमआरआय आणि जीनचा रिपोर्ट, दोन्ही संशोधनाला द्यायचे का?

रानजाई | सोमवार, रात्री ९:४२

मंडळी, सल्ला हवाय, आणि जरा घाई आहे.

माझ्या मोठ्या बहिणीच्या यजमानांचं मध्यंतरी मेंदूतल्या गाठीचं ऑपरेशन झालं. वय ४१. गाठ बरीचशी निघाली. रिपोर्ट: ॲस्ट्रोसायटोमा, ग्रेड २, आयडीएच म्युटंट. सध्या तब्येत बरी आहे, घरातल्या घरात सगळं करतात.

मागच्या ओपीडीला एका मुलीने चार पानी संमतीपत्र हातात दिलं. भावजींचे आधीचे आणि पुढे होतील ते सगळे एमआरआय, गाठीच्या तुकड्यावर झालेली जनुकीय तपासणी, शिवाय ५ मिली रक्त, हे सगळं एकत्र जोडून डेटा बँकेत ठेवणार. नाव काढून कोड देणार. देशातल्या आणि बाहेरच्या संशोधकांना वापरू देणार. उपचारात फरक पडणार नाही, पैसे मिळणार नाहीत आणि द्यावेही लागणार नाहीत.

घरात दोन तट पडलेत. ताई म्हणते, देऊन टाकू, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. भावजींचे थोरले भाऊ म्हणतात, सही करायची नाही. कंपन्या विकून मोकळ्या होतात, आणि 'या घराण्यात कॅन्सरचा जीन आहे' असं कुठे नोंदलं गेलं तर उद्या भाचीच्या लग्नात अडचण. (भाची आत्ता नववीत आहे!)

एमआरआय आणि जीन जोडून नक्की मिळतं काय? वेगवेगळे ठेवले तर चालत नाही का? आणि सही करायच्या आधी काय काय विचारून घ्यावं? हॉस्पिटलचं नाव विचारू नका, लिहिणार नाही.

मीठभाकर | सोमवार, रात्री ९:५८

वाचतोय. जाणकार येतीलच.

कडवट_कारले | सोमवार, रात्री १०:०५

थोरल्या भावांशी सहमत. उपचारात फरक नाही, पैसे नाहीत, मग देणाऱ्याचा फायदा काय? उद्या याच डेटावर औषध निघेल आणि तेच लाखाच्या भावात आपल्याला विकतील. विमा कंपनीच्या हाती लागलं तर बघायलाच नको.

तीन_टेस्ला | सोमवार, रात्री ११:२०

रानजाई, मी रेडिओलॉजिस्ट आहे, मेंदूचे एमआरआय रोज बघतो. सल्ला देत नाही, माहिती देतो.

तुमच्या भावजींच्याच गाठीचं घेऊ. या गाठींची वर्गवारी पूर्वी नुसत्या मायक्रोस्कोपवर व्हायची. २००८ साली आयडीएच१ या जनुकातला बदल ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या आक्रमक गाठीत सापडला आणि लवकरच कळलं की कमी ग्रेडच्या ग्लायोमांमध्ये (मेंदूतल्या आधारपेशींच्या गाठी) तो सर्रास असतो. २०१६ पासून डब्ल्यूएचओच्या वर्गीकरणात तो निदानाचाच भाग झाला. आयडीएच बदललेला आहे, शिवाय पहिल्या गुणसूत्राची आखूड भुजा आणि एकोणिसाव्याची लांब भुजा, दोन्ही गळालेल्या आहेत, तर ती ऑलिगोडेन्ड्रोग्लायोमा. भुजा शाबूत असतील तर ॲस्ट्रोसायटोमा. उपचार आणि पुढची वाटचाल दोन्हींची वेगळी.

आता चित्राकडे या. काही गाठी टी२ या प्रकारच्या चित्रात एकसारख्या पांढऱ्याशुभ्र दिसतात, आणि त्याच गाठी फ्लेअर या दुसऱ्या प्रकारच्या चित्रात आतून काळवंडतात, फक्त कडेला पांढरी किनार उरते. याला टी२-फ्लेअर मिसमॅच म्हणतात. २०१७ साली अमेरिकेतल्या सार्वजनिक डेटातले कमी ग्रेडच्या १२५ गाठींचे एमआरआय रेडिओलॉजिस्टांनी या खुणेसाठी तपासले आणि जनुकांच्या निकालांशी ताडून पाहिले. ज्या मोजक्या गाठींत खूण होती, त्या सगळ्या आयडीएच बदललेल्या आणि भुजा शाबूत असलेल्या निघाल्या. एकही अपवाद नाही. दुसऱ्या एका गटावर ताडून पाहिलं, तिथेही तेच.

ही खूण नुसत्या डोळ्यांना दिसते, कॉम्प्युटर लागत नाही. वर्षानुवर्षं आमच्यासमोर होती. पण चित्रं हॉस्पिटलच्या सर्व्हरवर आणि जनुकं लॅबच्या फायलीत, असं असल्यावर कुणाच्या लक्षात येणार? तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं.

मीठभाकर | सोमवार, रात्री ११:३१

भारीच! मग कवटी उघडायचीच कशाला? एमआरआय काढा, जीन ओळखा, औषध द्या.

तीन_टेस्ला | सोमवार, रात्री ११:५२

@मीठभाकर, तसं नाही. खूण दिसली तर जवळजवळ खात्री, पण ती बऱ्याच गाठींत दिसतच नाही. आणि दिसली नाही तर त्यावरून काहीच सांगता येत नाही. पुढे अपवादही सापडले, विशेषतः लहान मुलांत आणि डीएनईटी नावाच्या एका सौम्य गाठीत. शिवाय ग्लायोमात गाठ काढणं हा उपचारच आहे, नुसता तपास नव्हे.

याहून थेट दुवा एकच आहे. आयडीएच बदललं की पेशीत २-हायड्रॉक्सीग्लुटारेट नावाचं रसायन साठतं. हे २००९ साली कळलं आणि २०१२ पर्यंत एमआर स्पेक्ट्रोस्कोपीने (एमआरआय मशीनवरच रसायनं मोजायची पद्धत) तेच रसायन जिवंत माणसाच्या मेंदूत मोजून दाखवलं. इथे जनुकातला बदल, त्याने तयार होणारं रसायन आणि मशीनवरचा आलेख अशी सलग साखळी आहे. बाकी बहुतेक ठिकाणी आपण नुसते सोबत आढळणारे योगायोग मोजतो. अर्थात स्पेक्ट्रोस्कोपी वेळखाऊ आहे, गाठ लहान असेल किंवा हाडाजवळ असेल तर आलेख बिघडतो. रोजच्या कामात फारशी होत नाही.

सेंटलुईसकर | मंगळवार, पहाटे ४:१०

(इकडे अजून सोमवार संध्याकाळ आहे, म्हणून ही वेळ.)

डॉक्टरसाहेबांनी म्हटलेला सार्वजनिक डेटा म्हणजे टीसीजीए, द कॅन्सर जीनोम ॲटलस. २००६ साली अमेरिकन सरकारने सुरू केला. कर्करोगाचे ३३ प्रकार, ११ हजारांवर रुग्ण. सुरुवात ज्या तीन कर्करोगांपासून झाली, त्यांत ग्लायोब्लास्टोमा होता. मी या डेटावर काम करतो म्हणून आतली गंमत सांगतो: आखणी करताना चित्रांचा विचार जवळपास नव्हताच. गोठवलेला तुकडा घेतला, रक्त घेतलं, जनुकं वाचली. एमआरआय-सीटी राहिले ज्या त्या हॉस्पिटलात. मग २०११ साली टीसीआयए नावाचं चित्रांचं भांडार उभं राहिलं, आमच्याच गावच्या वॉशिंग्टन विद्यापीठात, आणि त्यांनी मागे जाऊन हॉस्पिटलांकडे त्याच रुग्णांचे स्कॅन मागायला सुरुवात केली. कुणी दिले, कुणाकडे उरलेच नव्हते. म्हणून आजही जनुकं हजारोंची आणि चित्रं त्यांतल्या थोड्यांचीच.

जोड काय, तर एक कोड. आधी 'टीसीजीए', मग नमुना कुठून आला त्या ठिकाणाची दोन अक्षरं, मग रुग्णाची चार. जनुकांच्या फायलीवरही हाच कोड आणि एमआरआयवरही हाच. एवढ्याशा पट्टीवर सगळा डोलारा उभा आहे. ती चुकली तर एकाची गाठ दुसऱ्याच्या जनुकाला चिकटते आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

रानजाई, तुमच्या हॉस्पिटलने हे आधीपासून ठरवून, पुढच्या एमआरआयसह मागितलंय. हे टीसीजीएपेक्षा बरं नियोजन आहे.

ओसरीवर | मंगळवार, सकाळी ७:१५

सुरेख माहिती. वाचनखूण साठवली.

कोडकर_कोथरूड | मंगळवार, सकाळी ९:४०

थोडं थंड पाणी ओततो.

२०२१ साली उत्तर अमेरिकेतल्या रेडिओलॉजी संघटनांनी कॅगल या डेटा-स्पर्धांच्या संकेतस्थळावर एक स्पर्धा ठेवली होती. ग्लायोब्लास्टोमाचे एमआरआय द्यायचे आणि एमजीएमटी जनुकाचा प्रमोटर मिथाइलेटेड आहे की नाही, म्हणजे जनुकाच्या बटणावर रासायनिक खूण बसून ते गप्प झालंय की नाही, हे सांगायचं. हा प्रश्न महत्त्वाचा, कारण एमजीएमटी डीएनएची दुरुस्ती करतं. ते गप्प असलं की टेमोझोलोमाइड हे केमोचं औषध जास्त चालतं. हजाराच्या वर संघ उतरले, आमचाही एक होता. पहिल्या नंबरला एयूसी (ओळखण्याच्या अचूकतेचा गुण, १ म्हणजे अचूक) मिळाला ०.६२ च्या आसपास. डोळे मिटून नाणं उडवलं तर ०.५ मिळतो.

त्याआधी लहान लहान गटांवरचे पेपर ०.८ आणि ०.९ चे दावे करत होते. एमआरआय भरपूर, हुशार पोरं भरपूर, ग्राफिक कार्डं तापून लाल. नाही म्हणजे नाहीच सापडलं. माझं मत: एमजीएमटीची खूण नेहमीच्या एमआरआयमध्ये नाहीच, किंवा इतकी पुसट आहे की उपचार ठरवायला कामाची नाही.

कडवट_कारले | मंगळवार, सकाळी ९:४७

म्हणजे आमच्या भावजींनी डोकं द्यायचं आणि तुम्ही त्यावर छापा-काटा खेळायचं.

कोडकर_कोथरूड | मंगळवार, सकाळी ९:५५

@कारले, हसून हसून पुरेवाट. पण उलट बघा की. सगळ्यांसाठी एकच मोठा खुला डेटा नसता तर ते ०.९ वाले दावे तसेच चालू राहिले असते, आणि एखादी कंपनी 'तुकडा नको, आमचं सॉफ्टवेअर घ्या' म्हणत दारात उभी राहिली असती. दावा खोटा पाडायलाही डेटा लागतो.

तीन_टेस्ला | मंगळवार, दुपारी १:३०

कोडकरांशी पूर्ण सहमत. ज्या जनुकाने गाठीच्या ऊतीची ठेवणच बदलते, ते चित्रात दिसतं. आयडीएच त्यातलं. जे फक्त औषधाला प्रतिसाद बदलतं, ते दिसेलच असं नाही. प्रत्येक जनुकाला चित्रात चेहरा असतो हा हट्ट सोडला पाहिजे.

२००७ साली यकृताच्या कर्करोगावर एक गाजलेला पेपर आला. सीटीवरच्या २८ खुणा घेऊन जनुकांच्या हालचालीचा ७८ टक्के भाग उभा करता येतो, असा. या विषयाला खरी हवा तिथून मिळाली. रुग्णसंख्या मात्र अगदी बेताची होती. ते वाचून आम्हा रेडिओलॉजिस्टांना वाटलं, आता पॅथॉलॉजिस्टांची सुट्टी. :)

स्लाइडसम्राज्ञी | मंगळवार, दुपारी २:०५

पॅथॉलॉजिस्ट हजर आहे हो डॉक्टरसाहेब, रजेवर गेलेली नाही.

आयडीएच१ मधले सुमारे ९० टक्के बदल एकाच जागचे असतात, आर१३२एच. त्याची अँटिबॉडी आहे. स्लाइडवर टाका, तपकिरी झालं की काम झालं. त्यासाठी सुपरकॉम्प्युटर लागत नाही. स्वस्त आणि थेट उत्तर हाताशी असताना चित्रावरून अंदाज बांधत बसणं मला कधी कधी बौद्धिक चैन वाटते.

तीन_टेस्ला | मंगळवार, दुपारी २:२०

मॅडम, तुकडा असेल तर तुमचंच राज्य. पण ब्रेनस्टेममध्ये (मेंदूच्या देठात) सुई घालायला सर्जन तयार नसतो तेव्हा?

शिवाय एक तुकडा म्हणजे अख्खी गाठ नव्हे. २०१२ साली लंडनच्या लोकांनी किडनीच्या एकाच गाठीतून वेगवेगळ्या जागचे तुकडे घेऊन जनुकं वाचली. जवळजवळ दोन तृतीयांश बदल असे निघाले, जे सगळ्या तुकड्यांत सापडत नव्हते. तुमची सुई जिथे जाते तिथलं सांगते. एमआरआय अख्खी गाठ दाखवतो आणि दर काही महिन्यांनी पुन्हा दाखवतो. रानजाईंच्या फॉर्ममध्ये 'पुढे होतील ते' एमआरआय मागितलेत ते यासाठीच. ग्रेड २ ची गाठ वर्षानुवर्षं लक्ष ठेवायची गाठ आहे, दर खेपेला तुकडा कोण काढणार?

स्लाइडसम्राज्ञी | मंगळवार, दुपारी २:४१

हे मान्य. बहुविध तुकड्यांचा मुद्दा बिनतोड आहे. ब्रेनस्टेमचाही.

फिल्मवाला | मंगळवार, रात्री ८:१२

मी एमआरआय टेक्निशियन. एवढ्या मोठ्या लोकांत बोलायचं म्हणजे... पण 'नाव काढून देणार' यावर बोलतो, कारण ते काम आमच्यासारख्यांच्याच टेबलावर येतं.

डायकॉम फाइल (स्कॅन ज्या स्वरूपात साठवतात ती) उघडली की चित्राच्या मागे एक लांबलचक यादी असते. नाव, जन्मतारीख, यूएचआयडी (हॉस्पिटलमधला रुग्ण क्रमांक), पाठवणाऱ्या डॉक्टरांचं नाव, मशीनचा नंबर, वेळ. सॉफ्टवेअर नावाचा रकाना पुसतं. पण एखाद्याने घाईत नाव सीरिजच्या वर्णनाच्या रकान्यात टाइप केलेलं असतं, ते तसंच राहतं. सोनोग्राफीत तर नाव चित्रातच जळलेलं असतं, वरच्या कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांत. रकाने कितीही पुसा, ते जात नाही, चित्रावर काळा पट्टा मारावा लागतो. स्कॅन केलेला रेफरल कागदही कधी कधी शेवटची सीरिज म्हणून त्याच फोल्डरमध्ये असतो, सही-शिक्क्यासकट.

तेव्हा ताई, 'नाव काढणार' एवढ्यावर थांबू नका. कोण काढणार, आणि काढल्यावर कुणी डोळ्याने तपासणार का, हे विचारा.

मीठभाकर | मंगळवार, रात्री ८:३०

दादा, सगळ्यात कामाचा प्रतिसाद तुमचाच. 'आमच्यासारखे' वगैरे काही नाही.

तळ्यातमळ्यात | मंगळवार, रात्री ८:४४

अवांतर: आमचे आजोबा एक्सरेच्या फिल्मा गादीखाली ठेवायचे, वाकू नयेत म्हणून. डॉक्टरकडे जाताना मात्र गुंडाळी करून रबर लावायचे. सूर्यग्रहणाला त्याच फिल्मेतून सूर्य बघायचे, छातीच्या की गुडघ्याच्या ते आठवत नाही.

स्लाइडसम्राज्ञी | मंगळवार, रात्री ८:५०

अहो, एक्सरे फिल्ममधून ग्रहण बघू नका कुणी! डोळे जातील.

फिल्मवाला | मंगळवार, रात्री ८:५८

आता सीडी देतो तर लोक म्हणतात, घरी सीडी लावायला लॅपटॉपच नाही. लिंक दिली तर म्हणतात, फिल्म द्या, डॉक्टर ट्यूबलाइटला धरून बघतात.

संपादक मंडळ | मंगळवार, रात्री ९:१५

ग्रहण आणि गादी यांवर स्वतंत्र धागा काढावा. तीन प्रतिसाद उडवले आहेत.

सेंटलुईसकर | बुधवार, पहाटे ५:०२

फिल्मवाले दादांच्या मुद्द्याला जोडून. मेंदूच्या एमआरआयमध्ये चेहराही येतो. नाक, कपाळ, ओठ, सगळं. त्यावरून चेहरा उभा करता येतो. २०१९ साली मेयो क्लिनिकच्या लोकांनी ८४ स्वयंसेवकांचे एमआरआय आणि फोटो घेतले आणि बाजारात मिळणारं चेहरा ओळखण्याचं सॉफ्टवेअर लावलं. ७० जण बरोबर ओळखले गेले. त्यानंतर टीसीआयएने डोक्याचे बरेचसे स्कॅन कुलपाआड नेले, आता त्यासाठी अर्ज करून अटींवर सही करावी लागते. काही बँका चेहऱ्याचा भागच पुसून टाकतात. हा प्रश्न नक्की विचारा: चेहरा पुसणार का?

आता थोरल्या भावांची भाचीच्या लग्नाची काळजी. आयडीएचचा बदल गाठीच्या पेशींत झालेला असतो. तो वारशाने आलेला नसतो आणि मुलीकडे जात नाही. त्यामुळे 'घराण्याचा जीन' हा प्रश्न या रिपोर्टपुरता उद्भवत नाही. पण! फॉर्ममध्ये ५ मिली रक्तही आहे. ते तुलनेसाठी घेतात, गाठीत नवीन काय झालंय ते कळायला मूळ प्रत लागते. आणि ती मूळ प्रत म्हणजे आईवडिलांकडून आलेली, मुलीला अर्धी दिलेली जनुकं. म्हणजे त्यांची काळजी पूर्ण अनाठायी नाही, फक्त चुकीच्या कागदावर आहे. टीसीजीएमध्येही रक्तावरून कळलेली वैयक्तिक जनुकं उघड्यावर ठेवत नाहीत, संशोधकाला संस्थेमार्फत परवानगी काढावी लागते. तुमच्याकडे तशी सोय आहे का, आणि रक्तात काही आनुवंशिक सापडलं तर कुटुंबाला सांगणार की नाही, हे दोन्ही लिहून घ्या.

सुपारीमुक्त | बुधवार, सकाळी १०:२०

मी देणाऱ्यांच्या बाजूचा, म्हणून लिहितो. गालाच्या आतल्या कर्करोगातून उठलोय. कारण हँडलवरून कळेलच. माझा तुकडा, सीटी, सगळं दिलंय.

जगातल्या देशांनी कर्करोग वाटून घेतले तेव्हा भारताने आंतरराष्ट्रीय संघात उचलला तो आमचा, गाल-हिरडीचा. खारघरचं ॲक्ट्रेक आणि बंगालमधलं कल्याणीचं एनआयबीएमजी या दोन संशोधन संस्थांनी मिळून २०१३ साली त्याची जनुकं मांडली. काही जनुकं अशी निघाली की जी या आजारात आधी कुणी पाहिली नव्हती. पाश्चात्त्यांकडे हा आजार आपल्याइतका नाही, मग ते कशाला शोधतील? आपला आजार आपणच मोजायचा. 'माझा फायदा काय' याचं उत्तर माझ्याकडे नाही. मला मिळालेली औषधं ज्यांच्यावर तपासली गेली, त्यांनाही काय मिळालं होतं?

कडवट_कारले | बुधवार, सकाळी १०:४१

सुपारीमुक्त, तुमच्याशी वाद नाही. नमस्कार करतो.

पण सेंटलुईसकर, एक सांगा. तुमच्या त्या ११ हजारांत आपल्यासारखे किती? गोऱ्यांच्या गाठींवर शिकलेलं यंत्र आमच्यावर चालतं का?

सेंटलुईसकर | बुधवार, सायंकाळी ६:३०

कारलेसाहेब, अगदी वर्मावर बोट ठेवलंत. बहुतांश रुग्ण गोरे आहेत. फुफ्फुसाच्या ॲडेनोकार्सिनोमा या कर्करोगात ईजीएफआर जनुकातल्या बदलाचं प्रमाण पाश्चात्त्यांपेक्षा भारतीयांत बरंच जास्त, साधारण चौघांत एकाला. तिकडच्या प्रमाणावर शिकलेलं यंत्र इकडे चुकणारच.

आणि नुसता वंशाचा प्रश्न नाही. २०२१ चा एक पेपर टीसीजीएच्या पॅथॉलॉजी स्लाइडवर आहे. यंत्र स्लाइड बघून ती कुठल्या हॉस्पिटलातून आली हे ओळखत होतं. रंग कसा चढवलाय, स्कॅनर कुठला, यावरून. आता एखाद्या हॉस्पिटलात एका वंशाचे किंवा एका टप्प्याचे रुग्ण जास्त येत असतील, तर यंत्र जनुक न बघताच 'बरोबर' उत्तर देतं. अक्षरावरून शाळा ओळखायची आणि शाळेच्या लौकिकावर मार्क द्यायचे, तसं. एमआरआयमध्येही हेच होतं: मशीनचं चुंबक १.५ टेस्लाचं की ३, स्लाइस किती जाड, कॉन्ट्रास्टनंतर किती मिनिटांनी काढला. हा हॉस्पिटलचा ठसा धुण्यासाठी चित्रवाले आता कॉम्बॅट नावाची पद्धत वापरतात. ती मुळात जनुकांच्या लोकांनी २००७ साली जनुकांची हालचाल मोजायच्या त्यांच्या चिपांसाठी काढली होती.

कोडकर_कोथरूड | बुधवार, सायंकाळी ७:०५

+१. आणखी एक किस्सा. २०१४ साली हजारभर रुग्णांच्या सीटीवरून ४४० मोजमापं काढून जगण्याचा अंदाज बांधणारा पेपर खूप गाजला, जनुकांशीही सांगड घातली होती. २०१९ साली दुसऱ्या गटाने तेच आकडे पुन्हा तपासले. निवडलेल्या त्या मोजमापांची बरीचशी ताकद गाठीच्या आकारमानातून येत होती. मोठी गाठ वाईट, हे आमच्या आजीलाही माहीत होतं.

मूळ पेपरवाल्यांनी कोड आणि चित्रं खुली ठेवली होती म्हणून तपासता आलं, हे मात्र त्यांच्या बाजूनं.

सातबारा | गुरुवार, सकाळी ११:१५

वकील आहे, थोडक्यात लिहिते. आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं यासाठीच आहेत. त्यात कोड दिलेला नमुना आणि पूर्ण अनामिक केलेला नमुना, असा भेद आहे. कोड असेल तर किल्ली कुणाकडे तरी असते, म्हणजे नंतर माघार घेता येते आणि काही सापडलं तर कळवताही येतं. किल्लीच नष्ट केली तर खासगीपणा जास्त, पण परतीचा दोर कापला. तुमच्या बाबतीत पुढचे एमआरआय जोडायचेत, म्हणजे किल्ली ठेवावीच लागणार. ती कोणाकडे, हे विचारा. संमती एकगठ्ठा आहे की टप्प्याटप्प्याची, तेही बघा. चित्रांना हो, रक्ताला नाही, असं म्हणता आलं पाहिजे. एथिक्स कमिटीचा मंजुरी क्रमांक आणि फोन फॉर्मवर असतोच, नसेल तर सही करू नका.

विम्याबद्दल: अमेरिकेत २००८ चा जनुकीय भेदभावाविरुद्धचा कायदा आहे (तोही आयुर्विम्याला लागू नाही). आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाही. २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने आरोग्यविम्यातून जनुकीय आजार सरसकट वगळणं भेदभावाचं ठरवलं होतं, पण त्यावर फार विसंबू नका. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात संशोधनाला सूट आहे, अट अशी की त्या डेटावरून त्या व्यक्तीबद्दल कुठलाही निर्णय घ्यायचा नाही.

ओसरीवर | गुरुवार, दुपारी १२:४०

एक विचारू का? ताई काय म्हणते ते कळलं, थोरले भाऊ काय म्हणतात ते कळलं, आम्ही सगळ्यांनी चार दिवस अकलेचे तारे तोडले. भावजी काय म्हणतात? डोकं त्यांचं आहे.

सातबारा | गुरुवार, दुपारी १२:४८

हे मी पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं. रुग्ण शुद्धीत आणि समजण्याच्या अवस्थेत असेल तर सही त्याचीच. बायकोची नाही, भावाची तर नाहीच.

रानजाई | शुक्रवार, रात्री १०:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. आज जाऊन आलो.

@ओसरीवर, खरं सांगायचं तर भावजींना 'गाठ होती, काढली' एवढंच सांगितलं होतं. कॅन्सर हा शब्द घरात कुणी उच्चारत नव्हतं. फॉर्म द्यायचा म्हणजे तो सांगावा लागणार, आणि घरातली निम्मी भांडणं त्यावरून होती हे मला काल रात्री ताईशी बोलताना कळलं. तिने सांगितलं. ते म्हणाले, 'मला ऑपरेशनच्या आधीपासून माहीत आहे, फाइल मीच धरून बसायचो.'

मग प्रश्न त्यांनीच विचारले, धाग्याची प्रिंट हातात घेऊन. चेहरा पुसतात. नाव पुसल्यावर दुसरा माणूस डोळ्याने तपासतो. किल्ली हॉस्पिटलातच, बाहेर जात नाही. माघार घेता येते, पण तोवर ज्यांना डेटा दिला त्यांच्याकडून परत येत नाही. रक्तात काही आनुवंशिक सापडलं तर कळवणार का, याचं उत्तर त्या मुलीकडे नव्हतं. तिने वरिष्ठांना बोलावलं, त्यांनीही 'विचारून सांगतो' म्हटलं. म्हणून भावजींनी एमआरआय आणि गाठीचा रिपोर्ट यांना हो म्हटलं आणि रक्ताच्या रकान्यावर काट मारून शेजारी सही केली. त्या मुलीला काट चालते की नाही तेच ठाऊक नव्हतं, पण घेतला फॉर्म. थोरले भाऊ गाडीत गप्प होते.

डॉक्टरांनी व्होरासिडेनिबबद्दलही सांगितलं. कुणाला काही माहिती?

तीन_टेस्ला | शुक्रवार, रात्री ११:१०

काट मारली हे उत्तम केलं.

व्होरासिडेनिब हे बदललेल्या आयडीएचलाच अडवणारं औषध आहे. ऑपरेशन झालेल्या, अजून रेडिएशन-केमो न घेतलेल्या ग्रेड २ च्या रुग्णांवर तपासलं. निकाल २०२३ मध्ये आले: गाठ पुन्हा वाढू लागेपर्यंतचा मध्यक काळ २७.७ महिने, औषधाविना ११.१. अमेरिकेत ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. आणि वाढ झाली की नाही हे ठरवलं एमआरआयवर. मिळण्याचं आणि किमतीचं तुमच्या ऑन्कॉलॉजिस्टनाच विचारा, किंमत फार मोठी आहे.

कडवट_कारले | शुक्रवार, रात्री ११:१८

मी सोमवारी काय म्हणालो होतो? लाखाच्या भावात.

सुपारीमुक्त | शनिवार, सकाळी ८:०५

कारले, तो मुद्दा तुमचा बरोबरच होता. त्यासाठी वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देतो. रानजाई, काही औषध कंपन्यांच्या रुग्ण-साहाय्य योजना असतात. हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात चौकशी करा, ओपीडीत नाही कळत.

तळ्यातमळ्यात | शनिवार, सकाळी ९:३०

फिल्मवाले दादा, घरच्या सीडीतला एमआरआय लॅपटॉपवर बघायला फुकट सॉफ्टवेअर कुठलं? टी२ आणि फ्लेअर शेजारी शेजारी लावून बघायचेत.

फिल्मवाला | शनिवार, सकाळी ९:५२

सीडीतच बहुतेक एक व्ह्यूअर असतो, विंडोजवर चालतो. नाही चालला तर थ्रीडी स्लायसर फुकट आहे, पण जड आहे. आणि बघा हं, नुसतं बघा, निदान करू नका.